वॉलआय किंग, सीलबंद, दर्जा ९.६

वस्तू वापरण्यासाठी असते, हा समज मानवजातीच्या बालपणातला आहे. त्या काळी माणूस कुऱ्हाड घडवी आणि लगेच तिने लाकूड तोडायला घेई. पुढे संस्कृती वाढली, कपाटं आली, कपाटांना काचा आल्या, आणि वस्तूचा खरा उपयोग ती न वापरण्यात आहे हे शहाण्या माणसांच्या ध्यानात येत गेलं. या वाटेवर आपण सगळेच थोडेफार चाललो आहोत. पण आमच्या शेबॉयगनचा कर्ट डिकमन जिथवर पोचला, तिथवर विस्कॉन्सिन राज्यात तरी दुसऱ्या कुणाची मजल गेल्याचं ऐकिवात नाही.

कर्ट चव्वेचाळीस वर्षांचा. चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करतो आणि गिऱ्हाइकांना दिवसातून वीस वेळा सांगतो, "चष्मा डबीत ठेवायला नसतो हो, डोळ्यांवर ठेवायला असतो." संध्याकाळी घरी आला की तो आपल्या व्हिडिओ गेमच्या डब्या मऊ फडक्याने पुसतो. गेली बावीस वर्षं तो गेम जमवत आला आहे. त्याच्या संग्रहाची सप्टेंबरअखेरची स्थिती पुढीलप्रमाणे होती:

एकूण गेम: ३,४१२.
पैकी सीलबंद: २,२०९.
पैकी उघडलेले, परंतु न खेळलेले: १,१४२.
पैकी खेळलेले: ६१.
खेळलेल्यांपैकी शेवटपर्यंत खेळलेले: ४ (एकात भाचीची मदत).

हाच वेग कायम राखला असता तर उरलेले गेम खेळून संपवायला कर्टला आणखी एक हजार दोनशे आठ वर्षं लागली असती (लीप वर्षं धरलेली नाहीत). त्याला याची घाई नव्हती. गंभीर संग्राहक आवडत्या गेमच्या तीन प्रती ठेवतो: एक जपायला, एक दाखवायला आणि एक खेळायला. खेळायची प्रत खेळली तर झिजते, म्हणून तीही जपून ठेवावी लागते. तेव्हा प्रत्यक्ष खेळण्यासाठी चौथी प्रत घ्यावी की काय, यावर त्याच्या मनात बरीच वर्षं विचार चालू होता.

हल्लीचे लोक गेम विकत घेतात म्हणजे इंटरनेटवरून उतरवून घेतात, आणि हातात काहीच येत नाही. कर्टला त्यांची दया येई. कंपनीने उद्या दुकान बंद केलं तर तो गेम गेला. याउलट, हातात धरता येणारी डबी आपल्याकडून कुणी हिरावून घेऊ शकत नाही, आणि गेम आपल्याला हवा तेव्हा खेळता येतो. म्हणूनच ती डबी कुणीही उघडू नये, असं त्याचं ठाम मत होतं. या युक्तिवादात खोट काढणं सोपं नाही. त्याच्या बायकोने नऊ वर्षं प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

संग्रहाने दोन हजार अकरा साली तळघर भरलं. मग गराज भरलं. तेव्हापासून कर्टची मोटार बाहेर उभी असते आणि जानेवारीत तो रोज सकाळी तिच्या काचेवरचा बर्फ खरवडतो, तेही हसतमुखाने. पुढे तळमजल्यावरची, शेजारी न्हाणीघर असलेली खोली भरली. या खोलीला घरात अजूनही पाहुण्यांची खोली म्हणतात (शेवटचा पाहुणा: दोन हजार एकोणीस, उभ्याने).

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे दोघं नवरा-बायको तळलेला मासा खायला कोपऱ्यावरच्या टॅव्हर्नमध्ये गेली. मार्सी, म्हणजे कर्टची बायको, शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळते, त्यामुळे तिला कमी शब्दांत बोलायची सवय आहे.

"आईला आठ नोव्हेंबरला घरी सोडतायत," ती म्हणाली. "नवा गुडघा बसवलाय. जिना चढायचा नाही, उतरायचा नाही. आपल्याकडे तशी खोली एकच आहे."

कर्टने राय ब्रेडवर सावकाश लोणी लावलं. "त्या खोलीत एमपासून एसपर्यंतचे गेम आहेत."

"मला माहितीये काय आहे ते. हे बघ कर्ट, मी भांडत नाहीये. तू हे जमवणं सोडणार आहेस की नाही, तेवढं ठरव. सोडणार नसशील तर सांग, मी आणि आई मिळून दुसरीकडे जागा बघतो. दोन खोल्या पुरतील. आम्ही माणसंच आहोत, आम्हाला काय लागतं?"

"विचार करायला किती वेळ आहे?"

"दुसऱ्या कुणाला कोबीची कोशिंबीर संपेपर्यंत दिला असता. तू नवरा आहेस म्हणून आठ तारखेपर्यंत."

कर्ट घाबरला. मार्सी ओरडली असती तर त्याला धीर आला असता. पण ती त्याच्या ताटातला लिंबाचा तुकडा उचलून शांतपणे आपल्या माशावर पिळत होती. तिच्यावाचून आपलं घर कसं दिसेल, हे त्याने डोळ्यांसमोर आणून पाहिलं. आणखी दोन हजार डब्या मावतील, असं त्याला दिसलं, आणि हे आपल्याला आधी दिसलं याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याने त्याच टेबलावर निश्चय केला: संग्रह सोडायचा. फक्त रीतसर सोडायचा.

रीत ठरवणारी संस्था गावात होतीच. लेकशोर भौतिक गेम जतन मंडळाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी लुथरन चर्चच्या तळघरात भरते. सभासद चौदा (पैकी एकमेकांशी बोलणारे नऊ). त्याच खोलीत मंगळवारी दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक असते. मागच्या वर्षी मंडळाचा एक सभासद चुकून मंगळवारी गेला, सव्वा तास बसला, उभं राहून त्याने आपली कहाणी सांगितली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एकाने तर मिठी मारली, आणि मंडळात अलीकडे फार जिव्हाळा आलाय असं तो घरी जाऊन सांगत होता.

मंडळाच्या घटनेतला चौदावा नियम संग्रहनिवृत्तीचा आहे. तो मुळातूनच पाहण्याजोगा आहे:

(अ) निवृत्तीचं कारण लेखी द्यावं. मान्य कारणं: मृत्यू, घटस्फोट, तळघरात शिरलेलं पाणी.
(आ) संग्रहाची संपूर्ण यादी जोडावी.
(इ) अपुरा संच निवृत्तीस पात्र नाही. उणीव असल्यास ती आधी भरून काढावी.
(ई) निवृत्ती मनाविरुद्ध होत असल्यास तिला स्थगिती मिळेल. मनाप्रमाणे होत असल्यास मनाची चौकशी होईल.

एकोणीस वर्षांत या नियमाखाली कुणीही निवृत्त झालेलं नाही. दोघं वारले; परंतु त्यांचे संग्रह इतर सभासदांनीच त्यांच्या बायकांकडून घेतले असल्यामुळे, मंडळाच्या दृष्टीने दोघंही नियमित हजर असतात.

अध्यक्ष व्हर्लिन शेप एकाहत्तर वर्षांचे, नळांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कर्टचं सगळं ऐकून घेतलं.

"सासू येतेय म्हणून?" ते म्हणाले. "अरे, मग तिला तळघरात ठेव."

"तिथे जिना आहे, व्हर्लिन. शिवाय तिथे ए ते एल आहे. आणि दमटही आहे."

"दमट?" व्हर्लिन खुर्चीतून अर्धे उठले. "मग ए ते एल तिथे काय करतंय? दमट हवा गेमला चालत नाही. माणसाला चालते."

चिटणीस बॉनी टेश यांनी इतिवृत्तात "सहानुभूतिपूर्वक चर्चा झाली" असं लिहिलं आणि कर्टला यादी करायला सांगितलं.

यादी करताना कर्टच्या लक्षात आलं, की एका जुन्या राखाडी यंत्रावर चालणाऱ्या गेमचा त्याचा संच पुरा व्हायला सात गेम कमी आहेत. म्हणजे कलम (इ)प्रमाणे संग्रह सोडायचा असेल तर आधी हे सात मिळवायला हवेत. कित्येक वर्षांत झाला नव्हता इतका आनंद त्याला झाला. ऑक्टोबरातल्या शनिवारी सकाळी सहाला तो उठे, थर्मासमध्ये कॉफी भरी आणि गावोगावचे गराज सेल, म्हणजे लोकांनी दारात मांडलेल्या जुन्या वस्तूंच्या विक्र्या, पालथे घालायला निघे.

"कुठे चाललास?" मार्सी पांघरुणातून विचारी.

"सोडायच्याच कामाला," तो म्हणे, आणि ते खरंच होतं.

अडचण एवढीच, की गराज सेलवाले सुटा गेम देत नाहीत. गोणीभर घ्यावे लागतात. तीन आठवड्यांत सातपैकी पाच मिळाले, आणि त्यांच्याबरोबर दोनशे बारा इतर. निवृत्तीच्या काळात संग्रहात सहा टक्क्यांहून अधिक वाढ झाली. कर्ट याच नेटाने संग्रह सोडत राहिला असता तर वर्षभरात तो दुप्पट झाला असता.

पण विमा कंपन्यांना नेट वगैरे समजत नाही. मार्सीची आई अर्मा शुश्रूषा केंद्राच्या पडवीत चाळीस पावलं चालून गेली (समोर पत्त्यांचा डाव मांडला होता म्हणून), आणि कंपनीने ती बरी झाल्याचं जाहीर करून तिला आठवडाभर आधीच, एक नोव्हेंबरच्या शनिवारी, घरी पाठवलं. कर्ट तेव्हा मॅनिटोवॉकला सहाव्या गेमसाठी एका म्हाताऱ्याशी घासाघीस करत होता. मार्सीने शेजाऱ्याच्या मदतीने एन आणि ओ यांच्या मधल्या जागेत पलंग घातला, आईला त्यावर बसवलं, आणि ती औषधं आणायला बाहेर पडली.

अर्मा एकोणऐंशी वर्षांची. एकतीस वर्षं ती चीजच्या कारखान्यात वजनं तपासायच्या पट्ट्यावर उभी होती. काटा नंतर आला. त्याआधी ती हातानेच पुडकं उचलायची आणि कमी भरलं की बाजूला काढायची. तिचा नवरा ऑर्विल दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून, गळ टाकून बसायचा, आणि ती त्याच्याशेजारी उलट्या बादलीवर बसायची. ऑर्विलला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आता पलंगावर बसल्या बसल्या तिच्या नाकासमोर, काचेसारख्या पारदर्शक पेटीत, दिवा लावून ठेवलेली एक डबी होती, आणि डबीवर डोळे वटारलेला, जबडा उघडलेला, हिरव्या-सोनेरी अंगाचा वॉलआय मासा होता.

ही डबी म्हणजे "वॉलआय किंग" (अक्षराने जागा गराजमधली, मानाने इथली). हा गेम फारसा खपला नव्हता, म्हणूनच दुर्मिळ होता. एका दर्जा-तपासणी संस्थेने या प्रतीला दहापैकी ९.६ दर्जा दिला होता. तिच्या प्रमाणपत्रात वेष्टन, कोपरे, चकाकी आणि रंग यांची तपासणी केल्याचं नमूद होतं (आत काय आहे, हा विषय प्रमाणपत्राच्या कक्षेबाहेर होता). कर्ट या डबीला अकरा वर्षं जपत होता. एकदा वादळाचा भोंगा झाला तेव्हा त्याने आधी ही डबी तळघरात नेली आणि मग कुत्र्याला.

कर्ट घरी आला तेव्हा पारदर्शक पेटी उघडी होती, वेष्टनाचा चुरगळलेला गोळा जमिनीवर होता, आणि अर्माच्या मांडीवर लोकर कापायची कात्री होती.

"अर्मा," तो दारातूनच म्हणाला. "तुम्ही हे उघडलंत?"

"हलकं होतं."

"काय?"

"हलकं होतं म्हणते. शेजारचं उचलून बघितलं, ते भरलेलं. हे हलकं. एकतीस वर्षांत मी हलकं पुडकं पुढे जाऊ दिलेलं नाही, आता या वयात जाऊ देऊ? हे बघ." तिने डबी उघडून त्याच्यासमोर धरली. आत डिस्क बसवायची गोल खाच होती, आणि खाचेत काहीही नव्हतं. "रिकामं. दुकानदाराकडे परत ने आणि पैसे मागून घे."

कर्ट खाली बसला आणि रडला. हे हसण्यावारी नेऊ नये. त्याने अकरा वर्षं जिवापाड जपलेल्या डबीत कारखान्यातूनच काही भरलं गेलं नव्हतं, आणि वाईट याचं नव्हतं. वाईट याचं होतं, की त्यामुळे अकरा वर्षांत कणभरही फरक पडला नव्हता. तो तितकाच सुखी होता. हे त्याला तिथे फरशीवर बसून एकदम कळलं, आणि तो जास्तच रडला.

"आता तोंड पाडून काय होणार?" अर्मा म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. "मला वाटलं, यात मासा असेल. ऑर्विल गेल्यापासून मी मासा धरलेला नाही बघ. आता असला गुडघा घेऊन मला बर्फावर कोण नेणार? चित्र बघितलं आणि म्हटलं, इथे तरी."

कर्टने बाहीने नाक पुसलं. मग उठून गराजमध्ये गेला आणि त्याच गेमची तिसरी प्रत घेऊन आला. तिच्यावर त्याच्याच अक्षरात "खेळायची" अशी चिठ्ठी होती. तीही सीलबंद होती.

अर्माने ती तळहातावर झेलली. "यात आहे. फोड."

फोडायचं कसं, हे कर्ट विसरला होता. वेष्टनाला एका कडेला बारीक पट्टी असते, ती नखाने ओढायची असते. त्याचा अंगठा तीनदा तिथे जाऊन परत आला. चौथ्या वेळी अर्माने नुसतं "हं" म्हटलं, आणि पट्टी ओढली गेली. वेष्टन फाटल्याचा आवाज फार छोटा होता. आकाश कोसळलं नाही, फक्त कुत्रा उठून बसला.

यानंतर काही तांत्रिक अडचणी आल्या. गेम ज्या यंत्रावर चालतो तशी कर्टकडे नऊ यंत्रं होती. पैकी सहा सीलबंद, दोन शोभेची, आणि एक चालू; परंतु चालू यंत्राची वायर नव्या टीव्हीला लागत नव्हती. जुना, पाठ फुगलेला टीव्ही धुण्याच्या खोलीत होता आणि त्यावर कुंडी होती. कुंडी उतरवून टीव्ही आणला, तर यंत्राचा हातात धरून खेळायचा, बटणांचा कंट्रोलर फक्त शोभेच्या यंत्रालाच होता, आणि तो पारदर्शक पेटीत चिकटवलेला होता. कर्टने तिची काच हातोडीने फोडली. एव्हाना त्याच्या चेहऱ्यावर एक विलक्षण तेज आलं होतं.

मार्सी औषधं आणि गरम ब्राटवुर्स्ट सॉसेजचे पाव घेऊन परतली तेव्हा घरातून ओरडण्याचा आवाज येत होता. ती पिशवी टाकून धावली. खोलीत तिची आई पलंगावर पाय लांब करून बसली होती, आणि तिचा नवरा शेजारी उलट्या बादलीवर बसला होता.

"काय झालं? पडली का आई?"

"बोलू नको!" दोघं एकदम ओरडली. "मासा लागलाय!"

"ढील दे," अर्मा कर्टला सांगत होती. "अरे ओढतोस काय वेड्यासारखा, ढील दे! तोडेल तो! आता. आता घे! अरे घे ना बाबा!"

पडद्यावर ठोकळ्या-ठोकळ्यांचा एक मासा पाण्याबाहेर आला. नऊ पौंड चार औंस. "चार औंस जास्तच सांगतायत," अर्मा म्हणाली, पण ती इतकी हसत होती की तिला गुडघा धरावा लागला. कर्ट बादलीवर बसून टाळ्या पिटत होता. मार्सी दारात उभी राहिली. नवऱ्याला गेमपायी ओरडताना तिने लग्नाआधी पाहिलं होतं, त्याच्या आईच्या सोफ्यावर, आणि खरं तर त्यावरच ती भाळली होती. तिने पाव तिथेच वाढले.

खेळलेल्या गेमची संख्या त्या संध्याकाळी ६२ झाली.

नियमाप्रमाणे संग्रहातल्या प्रतीला इजा झाल्यास चोवीस तासांत कळवावं लागतं. कर्टने कळवलं. रविवारी चर्च सुटताच मंडळाची तातडीची बैठक अर्माच्या पलंगाभोवती भरली (दुपारी फुटबॉलचा सामना असल्याने बैठक दोन तासांत उरकण्याचं ठरलं). चौदाच्या चौदा सभासद हजर होते, सर्वांनी पांढरे सुती हातमोजे घातले होते, आणि अर्माला वाटलं, आपल्याला काहीतरी लागण झाली आहे.

व्हर्लिननी प्रकरणाचा दहा मिनिटं अभ्यास केला आणि निर्णय दिला. डिस्क नाही, तेव्हा डिस्कवर ओरखडा नाही, डाग नाही, बोटांचा ठसा नाही. सबब, "वॉलआय किंग"ची याहून सुस्थितीतली प्रत जगात असणं शक्य नाही. खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. बॉनी टेशचे डोळे भरून आले.

मग चौदाही जणांना एकाच वेळी एकच विचार सुचला. आपल्या डब्यांचं काय? बॉनीने पर्समधून एक सीलबंद डबी काढून कानाशी हलवली. हलवल्याने दर्जा उतरतो म्हणून शेजारच्याने तिला रोखलं. कुणीतरी अर्माकडे पाहिलं. दोन मिनिटांत पलंगासमोर रांग लागली, प्रत्येकाच्या हातात आपापली लाडकी डबी.

"द्या," अर्मा हात पुढे करून म्हणाली. "एका उचलण्यात सांगते."

रांगेत सर्वात पुढे व्हर्लिन होते. त्यांनी डबी अर्धी पुढे केली, तिच्या तळहाताकडे पाहिलं, आणि डबी पाठीमागे लपवली.

"नको," ते म्हणाले. "कळलं की मग काय राहिलं?"

रांग मोडली. प्रत्येकाने आपली डबी कोटाच्या आत घातली, आणि त्यानंतर बराच वेळ हवामानावर चर्चा झाली.

व्हर्लिन सावरले आणि त्यांनी ठराव मांडला. जगातली एकमेव रिकामी ९.६ ज्याच्याकडे आहे त्यानेच मंडळाचं अध्यक्ष व्हावं. ही खोली संग्रहालय म्हणून घोषित व्हावी. एम ते एस जागचे हलू नयेत. आणि सासूबाईंना दहा ते चार या वेळात खोलीत बसण्याची मुभा असावी. अनुमोदन बारा.

कर्टला मोह झाला. बावीस वर्षांत कुणी त्याला कशाचाही अध्यक्ष केलं नव्हतं. दुकानात तर चौदा वर्षं साधा मॅनेजरही केलं नव्हतं. त्याने दाराकडे पाहिलं. मार्सी तिथे उभी होती, अंगात कोट, हातात मोटारीची किल्ली.

"प्रत कुठे आहे?" व्हर्लिन म्हणाले. "आण, सगळ्यांना बघू दे."

डबी खिडकीत होती. कर्टने ती उचलली, तर ती खुळखुळली. आत डिस्कच्या खाचेत अर्माच्या गुडघ्याच्या गोळ्या होत्या, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, आणि कानातल्या यंत्राचा एक जादा सेल होता.

"सकाळ-संध्याकाळच्या एकत्र मावतात," अर्मा म्हणाली. "झाकणही घट्ट बसतं."

"रिकामी राहिली नाही!" बॉनी किंचाळली.

"गोळ्या काढ," व्हर्लिन शांतपणे म्हणाले. "कर्ट, काही बिघडलेलं नाही. फक्त गोळ्या काढ."

कर्टने झाकण घट्ट लावलं आणि डबी अर्माच्या उशाशी ठेवली. "नाही काढणार. तिला लागतात त्या." मग त्याने एक मोठा श्वास घेतला. "मी सोडतोय, व्हर्लिन. सगळं. आजच."

"कारण?" बॉनीने वही उघडली. "मृत्यू, घटस्फोट की पाणी?"

"खेळायचंय."

तेरा हातमोजे तेरा तोंडांवर गेले. बॉनीने नियम पुन्हा वाचला. "हे कारण यादीत नाही."

"घटस्फोट लिहा," मार्सी दारातून म्हणाली. "थोडक्यात टळलेला." आणि तिने कोट काढून खुंटीला लावला.

बॉनीने तसं लिहिलं. कलमात बसत होतं. संचातल्या उणिवेची आठवण कुणी काढली नाही.

एकदा कागदपत्रं पुरी झाल्यावर मंडळाने अजिबात दिरंगाई केली नाही. सामना सुरू होण्याआधी एम ते एस गेले. गुरुवारपर्यंत तळघर आणि गराज मोकळं झालं. कर्टने आधी खेळलेले एकसष्ट गेम आणि "वॉलआय किंग"ची खेळायची प्रत ठेवून घेतली, आणि थंडी पडायला मोटार गराजमध्ये आली. आमच्या काउंटीतल्या एकूण सीलबंद डब्यांच्या संख्येत मात्र दोनखेरीज घट झालेली नाही, कारण त्या सभासदांनी आपसात वाटून घेतल्या. सर्वात मोठा वाटा व्हर्लिनकडे गेला. त्यांची मेहुणी सध्या तळघरात झोपते. हवा दमट आहे, पण माणसाला चालते.

अर्माचा विक्रम अकरा पौंडांवर गेला आहे. रविवारी ती कर्टला हरवते, आणि हरल्यावर तो जिंकल्यासारखा ओरडतो.

वाचकांना या सगळ्याचं हसू आलं असेल, तर त्यात गैर काही नाही. लोक इतके विचित्र कसे असतात, असं आम्हालाही वाटतं. मात्र मंडळात सध्या एक जागा रिकामी आहे. त्यासाठी अर्ज करायची गरज नसते, पात्रता घरीच तपासून घेता येते. चांगल्या पाहुण्यांसाठी म्हणून माळ्यावर ठेवलेला, अजून कागदात गुंडाळलेला कपबशांचा सेट. लग्नात आलेली आणि पिशवीतून न काढलेली शाल. निवांत वाचू म्हणून प्रदर्शनातून आणलेली, पाठ न मोडलेली पुस्तकं. निवांत बोलू म्हणून ठेवून दिलेला एखादा माणूस. अर्माचा गुडघा आता बरा आहे. तिचं म्हणणं आहे, की यातलं काहीही हातात दिलं तर आत काही आहे की नाही, हे ती एका उचलण्यात सांगेल.

नको म्हणालात ना? व्हर्लिनही हेच म्हणाले होते.